सहावं मत

अण्णा गेल्याची बातमी कळली तेव्हा मी कोल्हापुरात एका दवाखान्यात रक्तदाब मोजून घेत होतो. दंडाला पट्टा बांधलेला, कंपाउंडर फुगा दाबतोय, आणि बाकावर बसलेले एक गृहस्थ माझ्याकडे निरखून बघत होते. शेवटी म्हणाले, "पावणं, तुमी पेपरात लिवता न्हवं? तुमच्या गावचं टायपिंगवालं अण्णा गेलं की सकाळी." कंपाउंडरनं पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. मग तो डॉक्टरांना बोलवायला आत गेला.

दुपारी गावात पोचलो. अण्णा लिंगायत. त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. कपाळावर भस्म, गळ्यात हार, आणि अण्णा ताठ बसलेले. कोर्टातल्या बाकावर आमच्या नावाचा पुकारा होईपर्यंत बसायचे, अगदी तसे. लोक पाया पडत होते. मीही पडलो, पण चेहऱ्याकडे बघितलं नाही. का नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. महिना उलटून गेला तरी पहिल्या दोन परिच्छेदांच्या पुढे सरकत नव्हतो…

शिवगोंडाअण्णा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. पेठ वडगावात एका कापड दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. आमचं गाव तिथून सायकलीनं अर्ध्या तासावर. दहावी-बारावी झालेली पंचक्रोशीतली पोरं-पोरी तिथं बोटं बडवून गेली. वर्ग संपला की अण्णा लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. रेशनकार्डापासून बांधाच्या भांडणापर्यंत सगळं. मात्र त्यांच्या मशीनवर एक कडक नियम होता. कुणी "घोर अन्याय झालेला आहे" असं सांगायला लागलं की ते हात थांबवायचे. "घडलं काय ते सांग. घोर का साधा ते साहेब ठरवंल." माणसं वैतागायची. दोन अश्रू तरी टाका की अण्णा, असं एक म्हातारा त्यांना म्हणाला होता. अण्णांनी टाकले नाहीत. मी तालुक्याच्या बातम्या पाठवायला लागलो तेव्हा त्या टाइप करायला त्यांच्याकडेच जायचो, आणि माझीही विशेषणं ते विचारल्याशिवाय उडवून टाकायचे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. महिलांच्या राखीव जागा नव्यानंच आल्या होत्या. आमच्या ग्रामपंचायतीत नऊ सदस्य. त्यात अण्णा, मी आणि राखीव जागेवरून निवडून आलेल्या ताराबाई. ताराबाई रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला जाणारी बाई, सहीपुरतं अक्षर शिकलेली. सरपंच होते आबासाहेब. त्यांची शिक्षणसंस्था, त्यांची दूध डेअरी, आणि गावात कुणाच्या बारशाला जायचं नि कुणाच्या नाही हेही तेच ठरवत. गावाच्या आठवडी बाजाराची जागा त्यांनी स्वतःच्या संस्थेच्या नावावर करून घेतली. बाजार ओढ्याकाठी चिखलात गेला. विचारलं तर म्हणाले, "ग्रामसभेनं ठराव केलाय."

अण्णांनी प्रोसिडिंग बुक मागितलं. बुक मिळायला दोन महिने लागले. त्यात ग्रामसभेची तारीख होती, पानभर सह्या होत्या, अंगठे होते. अण्णांनी तारीख वाचली आणि चष्मा काढून हसत सुटले. ती तारीख जोतिबाच्या चैत्र यात्रेची होती! त्या दिवशी आमच्या गावात म्हातारी माणसं आणि जनावरं सोडून कुणी नसतं. सासनकाठीबरोबर अख्खं गाव डोंगरावर. ज्यांच्या सह्या होत्या ते सगळे त्या वेळी गुलालात लाल होऊन वाडीरत्नागिरीला जोतिबाच्या पायऱ्या चढत होते. मीही त्यातच होतो, आणि त्या पानावर माझीसुद्धा सही होती.

तिथून अविश्वास ठरावाची गोष्ट निघाली. ठराव पास व्हायला सहा मतं लागणार होती आणि आमच्याकडे मोजून सहा होती. एकही जास्त नाही. आमच्याकडची रीत ठाऊक असलेल्यांना पुढचं सांगायला नको. ठरावाची नोटीस निघाली की सदस्यांना गाडीत घालून सहलीला न्यायचं, म्हणजे समोरच्या पार्टीचा हात पोचत नाही. कार्यकर्त्यांनी पन्हाळ्यावर लॉज बघून ठेवला, जीप आणली. अण्णांनी जीप परत पाठवली. म्हणाले, "कोंडून घेतलेलं मत ह्ये मत हाय व्हय? मग आबासाहेबात आणि आपल्यात फरक काय?" मग कुणीतरी म्हणालं, निदान देवळात भंडारा तरी उचलून घेऊ. भंडारा, म्हणजे देवाची हळद उचलून शपथ घेतली की आमच्या भागात माणूस फिरत नाही, फिरायची छाती होत नाही. अण्णा त्यालाही नाही म्हणाले. "माणसाच्या शब्दावर चालतंय का बघू या की एकदा." कार्यकर्ते कपाळाला हात लावून बसले. सहाही जण आपापल्या घरी झोपायला गेले.

अण्णांची चूक कुठली असेल तर ती हीच. भंडारा उचलायला लावला असता तर मी फिरलो नसतो… कारण फुटलेलं मत माझं होतं.

सरळ सांगतो. माझी बायको सुमन आबासाहेबांच्या संस्थेच्या शाळेत शिकवायची. सहा वर्षं झाली तरी तिची मान्यता आलेली नव्हती, म्हणजे नोकरी आज आहे, उद्या नाही. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी आबासाहेब आमच्या घरी चहाला आले. ठरावाचा शब्दही काढला नाही. पाऊसपाण्याच्या गप्पा केल्या, पोरांचे अभ्यास विचारले. चपला घालताना म्हणाले, "बाईंचं मान्यतेचं अडकलंय म्हणं? बघतो की. तुमी काय परकं न्हाय." एवढंच. सुमननं मला काही सांगितलं नाही, काही विचारलंही नाही. कपबशा विसळत राहिली. मी जे केलं ते माझ्या भित्रेपणानं केलं, तिच्यावर ढकलायचं नाही.

सभेत त्यांच्या बाजूच्या एकानं गुप्त मतदान मागितलं. तहसीलदारांनी चिठ्ठ्या वाटल्या. मोजल्या तेव्हा बाजूनं पाच, विरोधात चार. ठराव पडला. बाहेर फटाके वाजले. अण्णांनी आमच्या पाचही जणांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ." कोण फुटलं हे त्यांनी विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

याहून वाईट मी पुढे केलं. मी बातमीदार होतो, बातमी पाठवणं भाग होतं. अण्णांच्या मशीनवर ती टाइप करून घ्यायची हिंमत नव्हती म्हणून हातानं लिहिली. तिचं शेवटचं वाक्य असं होतं: 'एका महिला सदस्यानं ऐनवेळी साथ सोडल्याची गावात चर्चा आहे.' तोपर्यंत गावात अशी चर्चा नव्हती. बातमी छापून आल्यावर ती सुरू झाली. आमच्या सहांत महिला एकच होती. गरीब होती, म्हणजे विकली गेली असणार, हे पटायला गावाला अर्धा दिवस पुरला. भांगलणीच्या टोळीतल्या बायकांनी ताराबाईला बोलवायचं बंद केलं. पाणवठ्यावर पोरं "आली इकलेली" म्हणून ओरडायची. तिला शेजारच्या गावात जाऊन रोजगार शोधावा लागला. हे सगळं मी बघत होतो. जूनमध्ये सुमनची मान्यता आली.

अण्णा कोर्टाच्या मागे लागले. आधी पुण्याला आयुक्तांकडे अर्ज. त्यात त्यांनी अन्याय हा शब्द घातला नाही. फक्त यात्रेची तारीख आणि ग्रामसभेची तारीख शेजारी शेजारी टाइप केली. दीड वर्षानं आयुक्तांनी आबासाहेबांना पदावरून दूर केलं. आम्ही पेढे वाटले. आठवड्यात मंत्र्यांकडून स्थगिती आली, पेढ्यांची चवसुद्धा गेली नव्हती तोंडातली. मग स्थगितीविरुद्ध मुंबईला कोर्टात. वकील कोल्हापूरचे, कोर्ट मुंबईला, तारीख मिळायची आणि पुढची तारीख घेऊन आम्ही परत यायचो. मी प्रत्येक वेळी बरोबर जायचो. लोकांना वाटायचं, काय निष्ठा आहे! निष्ठा कसली… घरी बसवत नव्हतं.

पुण्याच्या एका फेरीत, एस.टी. स्टँडवर जेवायला बसलो होतो. अण्णांच्या बायकोनं, गौराअक्कांनी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलेली. मी सगळा धीर गोळा करून म्हणालो, "अण्णा, त्या मतदानाबद्दल मला एक…" अण्णांनी हात वर केला. "दिनकरा, ते मला नगं सांगू. मी काय न्यायाधीश हाय? चटणी घे." मी त्याचा सोयीचा अर्थ लावला. अण्णांना जाणून घ्यायचं नाही, त्यांनी मागचं सोडून दिलं आहे, असं मनाला समजावलं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

कोर्टाचा निकाल आला तेव्हा पंचायतीची मुदत संपून गेली होती. मुदत संपल्यामुळे आता निर्णय देण्याचं प्रयोजन उरलेलं नाही, एवढ्यावर अर्ज निकाली. आबासाहेब तोवर तालुक्याचे पुढारी झाले होते. मी संतापलो. अण्णांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "मुदत संपली म्हणत्यात. चूक न्हवती असं कुठं म्हटलंय?" त्या दिवशी ते मला पहिल्यांदा म्हातारे वाटले. बाजार अजून ओढ्याकाठीच भरतो. पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले, टायपिंगची इन्स्टिट्यूट बंद पडली. मीही पोरांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात राहायला आलो. अण्णांना भेटायचो ते सणासुदीला, आणि भेटलो की लवकर निघायचो.

गेल्या आठवड्यात गौराअक्कांना भेटायला गेलो. पुढच्या सोप्यात बसलो, त्यांनी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "आज सोमवार. ह्या वेळंला ताराच्या कट्ट्यावर असायचं हे." ते गावात सगळ्यांना माहीत होतं. ठराव पडल्यानंतरच्या पहिल्या सोमवारपासून अण्णा दर सोमवारी ताराबाईच्या दारातल्या कट्ट्यावर बसून चहा प्यायचे. घरात नाही, रस्त्यावर दिसेल असे. रानाकडे जाणारं-येणारं प्रत्येक माणूस त्यांना तिथं बघत होतं, आणि अण्णांना ते बघायलाच हवं होतं. शेवटपर्यंत त्यांनी तो सोमवार चुकवला नाही. मी मात्र गावात असताना सोमवारी त्या गल्लीनं कधी गेलो नाही.

परवा गेलो. ताराबाई आता थकली आहे, गुडघे धरले आहेत. मला बघून म्हणाली, "बसा की. अण्णांची जागा हाय, पर बसा." मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "ताराबाई, ते मत माझं होतं."

ती आत गेली. स्टोव्ह बंद केल्याचा आवाज आला. दोन कप घेऊन बाहेर आली, एक माझ्यापुढे ठेवला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "चिठ्ठ्या मोजताना सगळी तहसीलदाराच्या हाताकडं बघत व्हती. तुमी तेवढं पायाकडं बघत व्हता. त्याच दिशी अण्णांना सांगितलतं मी."

"मग अण्णा काय म्हणाले?"

"म्हणालं, दिनकर आपणहून सांगंल. आपुन त्याचं नाव घ्यायचं न्हाय." तिनं कपाकडे बघितलं, प्यायली नाही. "मला राग यायचा. दर सोमवारी विचारायची, अण्णा, सांगितलं का त्यानं? म्हणायचं, न्हाय अजून, सांगंल की. जायच्या आदल्या सोमवारीबी तसंच म्हणालं."

मी खाली बसलो, आपसूक. पुण्याच्या स्टँडवर वर झालेला तो हात आठवला. मला सांगू नको, म्हणाले होते. दुसरीकडे कुठं सांगायचं, हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो. आबासाहेबांना खाली खेचता आलं नाही याचं अण्णांनी कधी वाईट वाटून घेतलेलं मी बघितलं नाही. माझी मात्र ते वाट बघत राहिले. मला लाज वाटते, आणि याहून बरा शब्द माझ्याकडे नाही.

"मला माफ करा," मी म्हणालो.

"माफी हितं घरात नगं," ताराबाई म्हणाली. आवाज चढला होता, गल्लीतली दोन माणसं थांबली. "तवा पेपरात लिवलं व्हतं न्हवं, चर्चा हाय म्हणून? मग पेपरातच लिवा. माझं पुरं नाव घालून लिवा. आणि तुमचंबी."

तेव्हा लिहितो. आमच्या ग्रामपंचायतीच्या त्या सभेत ताराबाई धोंडीराम लोहार यांनी अविश्वास ठरावाच्या बाजूनं मत दिलं होतं. ऐनवेळी साथ सोडणारा सदस्य मी होतो, या लेखावर ज्याचं पुरं नाव आहे तो दिनकर. ही चर्चा नाही.