बाटलीबाई

लोकांकडे लघवी मागताना बाटलीबाईंचा चेहरा देवळात प्रसाद मागणाऱ्यासारखा निर्मळ असायचा. "उद्या सकाळची पहिली हं!" असं त्या भर चौकात पाटलांना, पाटलांच्या सुनांना आणि माझ्यासारख्या शाळामास्तरालाही एकाच आवाजात सांगायच्या. ऐकणारा लाजेने अर्धा झाला तरी त्यांना त्याचा पत्ता नसे. त्या पुण्याकडच्या, चांगल्या मोठ्या डॉक्टर. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून त्या वडनेरला उतरल्या आणि गावाने लगेच त्यांचं बारसं उरकलं.

त्यांना एक कोडं पडलं होतं. हिंगणघाटच्या व्यापारी घरांत रक्तदाबाचे रोगी जास्त आणि आमच्या शेतकरी घरांत कमी, असं त्यांना दिसत होतं. पाणी तेच, ऊन तेच, मग फरक कशाचा? रक्ताचा की राहणीचा? म्हणून त्या दोन्हीकडे दंडाला पट्टा बांधून दाब बघायच्या आणि लघवी काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायच्या. शरीरातलं प्रथिन त्यातून वाहून जात असेल तर नळीत पांढरं गढूळ दिसायचं. "म्हणजे मूत्रपिंडाला दाबाचा मार बसतोय," त्या सांगायच्या.

दोन्हीकडच्या लोकांनी मात्र निकाल आधीच लावून टाकला होता. कापसाचे एक शेटजी अभिमानाने म्हणाले, "बीपी तो अपने यहाँ खानदानी है." त्यांची नळी स्वच्छ निघाली आणि दाबही बेताचा. शेटजींचं तोंड उतरलं. इकडे माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, मिशीवर हात फिरवून म्हणाला, "बाई, हा शेटलोकाईचा रोग. आमचा तं घामातून निंगून जाते."

आमच्या घरात बाईंनी माणशी एक बाटली दिली होती. आईने दुसऱ्या दिवशी एकच परत केली, त्यात सगळ्यांची थोडी थोडी. बाकीच्या तिने हिंगा-ओव्यासाठी ठेवून घेतल्या होत्या. "सारं घर एका चुलीवर जेवते बाई, मंग अलग अलग बाटल्या काऊन?" ती म्हणाली. बाई खो खो हसल्या. हसत हसतच त्यांनी नळी दिव्यावर धरली आणि त्यांचं हसू थांबलं. दूध नासावं तसं नळीत झालं होतं.

घरातलं कोण, ते कळेना. सगळ्यांच्या नजरा सुटलेल्या पोटाच्या काकांकडे गेल्या. काका बिचारे भिंतीला टेकून बसले. बाईंनी नव्या बाटल्या वाटल्या, या वेळी स्वतः अंगणात ठाण मांडून. काका सुटले. नासलं ते दादाचं. कापसाचं भलंमोठं गाठोडं एकटा उचलणारा, आयुष्यात डोकं न दुखलेला आमचा दादा! यंत्रातला पारा चढला तो उतरायचं नावच घेईना.

"तुमची छाती बघून रोगाला कळत नाही तुम्ही शेतकरी आहात ते," बाई म्हणाल्या. आणि वहिनीला बाजूला न घेता सगळ्यांसमोर सांगितलं, "गोळी घेतली नाही, मीठ सोडलं नाही, तर हे पोरीचं लग्न बघायचे नाहीत."

दादाने गोळी घेतली, पण अळणी ताट पाहून तो उठून गेला. हे कळल्यावर बाई भर दुपारी आल्या. "एका चुलीचं घर ना हे? मग मीठ सगळ्यांचंच कमी." आधी त्या स्वतः पंगतीत बसल्या. बिनमिठाची अंबाडीची भाजी त्यांनी तोंड वाकडं न करता खाल्ली आणि वर पुन्हा मागून घेतली. दादा मुकाट्याने शेजारी येऊन बसला. तेव्हापासून आमच्या घरचं जेवण पाहुण्यांना शिक्षाच वाटायचं.

मी एकदा विचारलं, "मग बाई, रक्तात की राहणीत?" त्या म्हणाल्या, "शेटजींच्या आळीत जास्त दिसतं हे खरं. का, ते मला अजून कळलेलं नाही, मास्तर. पण समोर बसलेल्या माणसाचं त्याच्या जातीवरून सांगता येत नाही, एवढं कळलं." इतकी वर्षं उन्हातान्हात हिंडून 'मला कळलेलं नाही' असं सरळ सांगणारं शिकलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मास्तरकीचा संकोच आडवा आला.

दादाच्या पोरीचं लग्न झालं. मांडवाचे खड्डे दादाने स्वतः खणले. पुढे ऐंशीच्या दशकात बाईंची बदली झाली, तेव्हा आम्ही त्यांना पोचवायला हिंगणघाटच्या स्टँडवर गेलो. सामान चढलं, कंडक्टरने दोरीला हात घातला, तोच दादाने बाही वर सारली. "जाता जाता एक डाव पाहून घ्या, बाई."

बाई खाली उतरल्या. बाकावर यंत्र मांडून त्यांनी पट्टा बांधला. कानाला नळ्या लावून डोळे मिटून ऐकलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. दादाने हात काही मागे घेतला नाही. मरणाला न भिणारा माझा भाऊ भरल्या स्टँडवर उघड उघड रडत होता.

"आनखी एक डाव पाहा," तो म्हणाला.

बाईंनी पट्टा पुन्हा फुगवला.