सुरेखाचा डाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझी चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? काय माहीत.

देशाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा मी प्रशिक्षक होतो. सोलापुरात अजून लोक उठून खुर्ची देतात. आम्ही जिंकलो ते एका डावावर. समोरच्या मुलीच्या हातात चेंडू आला की तिच्यामागं पळायचं नाही. कडेची वाट मोकळी ठेवायची. ती आपणहून तिकडं धावते — कोपऱ्यात गेली की दोघींनी गाठायचं. त्या डावाला लोकांनी माझं नाव दिलं. कुणी विचारलं की मी म्हणायचो, सुचलं बुवा!

सुचलं? कुणाला?

सुरेखाला. सांगोल्याकडची, धनगराची पोर. सोलापुरात कॉलेजला होती, माझ्याकडं खेळायची. एकदा मी सगळ्यांना झापत होतो, तर ही म्हणते, "सर, मेंढराच्या मागं पळत न्हाईत. त्येला वाट दिसू द्यायची." आणि दोघींना घेऊन तिनं करूनच दाखवलं. मी बघत राहिलो. जळलो हो, सरळ सांगतो — लई जळलो.

त्याच डावावर आमच्या मुली राज्यात पहिल्या आल्या आणि मला राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं. शिबिरासाठी इथल्या मुलींची नावं मीच द्यायची होती. सुरेखा तिथं आली असती तर? डाव कुणाचा, हे चार दिवसांत सगळ्यांना कळलं असतं.

तेवढ्यात तिचे वडील आले. पटका काढून हातात धरलेला. "मास्तर, खरं सांगा. पोरगी पुढं जाईल का? पावणं थांबल्यात. तुमी म्हणाल तर न्हाय म्हणतो त्यास्नी."

मी काय म्हणालो असेन?

"तिच्यात तेवढा दम नाही."

महिन्याच्या आत लग्न झालं. मी अक्षता टाकायला गेलो होतो — जेवलोसुद्धा.

परवा इथं माझा सत्कार झाला. ती सासरहून एसटीनं आली, पाया पडली. डाव कुणाचा, ते तिनं काढलंही नाही. एवढंच विचारलं, "सर, माज्यात खरंच दम न्हवता व्हय?" चिडून नाही. इतकी वर्षं मनात राहिलेलं, विचारून टाकलं. मेल्या, आता तरी बोल — मी स्वतःलाच म्हणत होतो. फोटोवाला समोर उभा होता.

"नव्हता," मी म्हणालो.

"मग बरंच झालं की, सर," ती म्हणाली, आणि हलक्या मनानं गाडी धरायला गेली.