टोकावड्याची भाऊबीज आणि रुसलेला तवा

भाऊबीजेला मी मोकळी असते. भाऊ परदेशात, ओवाळणं फोनवर. त्यात टोकावड्याहून कॉलेजची मैत्रीण शैला हिचा फोन आला, "हात प्लास्टरमध्ये आहे गो. यंदा घावनं हे करणार आहेत, तेव्हा तू न आलेलीच बरी." मी सकाळीच निघाले.

कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी एसटी घ्या. टोकावड्याला थांबते का, हे चढायच्या आधी विचारा. मुरबाडपर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे. पण बाहेर भातकापणी चाललेली असते आणि खिडकीतून नव्या भाताचा वास येतो, तेव्हा कुरकुर करू नये. सणाला बरेच ढाबे बंद असतात. खाणं मुरबाडलाच उरका.

शैलाकडे पोचले तर तिचे यजमान काशिनाथभाऊजी चुलीपुढे घामाघूम. नव्या तांदळाचं पीठ, किसलेली पिकली काकडी, गूळ, सगळं जमून आलेलं. तव्यावर मात्र नुसता चिखल.

"हे घावन?" मी विचारलं.

"कोंबड्यांची भाऊबीज झाली ताई. त्या खूश हायेत."

त्यांना हसू येत नव्हतं. शेणव्याहून त्यांची थोरली बहीण आक्का यायची होती. आईच्या बिडाच्या तव्यावरचं घावन खाल्ल्याशिवाय ती भावाला ओवाळत नाही. "आई गेल्यावर आक्काला माहेर म्हणून तेवढा तवाच उरलाय," शैला हळूच म्हणाली. मग तिने खाली उतरवलेल्या तव्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि नवऱ्याकडे वळली.

"यावर भाकऱ्या केल्या?"

"दोन-चार."

"कधी?"

"तुझा हात मोडल्यापासून."

"आणि बोंबील?"

भाऊजी चुलीत लाकूड सारायला लागले.

वाचकांनो, हे लक्षात ठेवा. घावनाच्या तव्यावर भाकरी भाजायची नाही. कोरडं पीठ त्याचं सगळं तेल पिऊन टाकतं, मग घावन तव्याला धरून बसतं. मी पदर खोचला. भाऊजींना राखेने तवा घासायला लावला. मग तापवायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, पुसायचा, पुन्हा तापवायचा. "आता झाला असंल," असं ते म्हणाले की मी "नाही" म्हणायचे. शैला ओट्यावर बसून दोघांवर हुकूम सोडत होती. तिचा हात मोडला होता, तोंड नव्हे.

एक घावन फाटलं. दुसरं कडेने सुटलं, मधे अडकलं. तिसऱ्याखाली भाऊजींनी उलथनं सारलं आणि ते सरसरून उठलं, जाळीदार, अखंड! भाऊजी ओरडले, "सुटला! सुटला!" आणि त्याच वेळी दारातून आवाज आला, "काय सुटला रे? गोठ्यातला बैल?"

आक्का आली होती. ती थेट चुलीशी बसली, घावनाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"भाकऱ्या भाजल्यास ना यावर?"

भाऊजींची मान खाली. "चुकला आक्का. आईचा तवा…"

आक्का खदखदून हसली. "अरे, बाबानं पण भाजल्या व्हत्या! आई बाळंतीण, आन चुलीशी बाबा. आईनं खाटेवरूनच त्यांची सालटी काढली. पुढं म्हयनाभर रोज कांदा फिरवत व्हते."

"मला नाय माहीत."

"तुला कसा माहीत असंल? खाटेवर आईजवळ तूच व्हतास."

भाऊजींनी तव्यावर पुन्हा एकदा कांदा फिरवला. मग आक्काने त्यांना ओवाळलं, आणि तिच्या पानात पुढची घावनं पडत गेली. नारळाच्या दुधाबरोबर मीही पोटभर खाल्ली. किती, ते लिहीत नाही.

परतताना मुरबाडच्या बाजारात बिडाचा तवा घेतला. जड आहे, पिशवी मजबूत न्या. घरी आल्यावर आमच्या ह्यांना बजावून सांगितलं, यावर भाकरी चालणार नाही. काल मी बाहेरून आले तर स्वयंपाकघरात कांद्याचा वास आणि हे तव्याशी उभे, हातात तेलात बुडवलेला अर्धा कांदा.