मागच्या सीटवरचा मालक

या पृथ्वीतलावर माझ्यावर निर्वेध सत्ता गाजवलेला एकच माणूस आहे आणि त्याला पगार मी देतो. आईवडिलांचं मी ऐकलं नाही, प्राचार्यांचं ऐकल्यासारखं केलं, बायकोचं ऐकायला हवं होतं हे दर वेळी उशिरा कळलं. पण आमच्या ड्रायव्हर चाचांनी ‘बसा’ म्हटलं की मी बसतो आणि ‘उतरा’ म्हटलं की उतरतो. अशा माणसाला मी भर सभेत, माइकवरून, मनाने गुलाम ठरवलं. ही चूक आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुठे हसू आलं तर ते कोणाला हसायचं याबद्दल घोटाळा नको.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. मालक आणि नोकर यांच्यातली नीती आणि सत्ता हा माझा हातखंडा विषय. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत इमानी सेवक मालकासाठी जीव देतो आणि त्याबद्दल त्याला एक परिच्छेद मिळतो. सामाजिक नाटकांत पडदा वर जाताच तो फुलदाणी पुसत असतो आणि कथानक सुरू झालं की चहा आणायला जातो, असं मी कळवळून सांगतो. माझा आवाज त्या ठिकाणी हमखास दाटून येतो. गाडी मात्र मला चालवता येत नाही. शिकायला गेलो तेव्हा रंकाळ्यावर भेळेच्या गाड्याला आमच्या गाडीचं नाक लागलं. चाचा हा किस्सा सांगताना म्हणतात, “सरांनी भेळ गाडीत बसूनच घेटली, पर गाड्यासकट.” तेव्हापासून चाकामागे चाचा आहेत.

चाचांनी उभी उमर वारणेच्या पट्ट्यात दुधाचा टँकर चालवला. त्यामुळे गाडीत जे काही आहे ते दूध आहे, अशी त्यांची धारणा. खड्डा लांबून दिसला की ते गाडी अशी हळू करतात की मागचा ट्रॅक्टरवालाही नाव घेऊन शिव्या देतो. मी एकदा घाई केली तेव्हा म्हणाले, “सर, तुमी म्हंजे माज्या लेखी दूधच. हालवलं की नासतंय.” मोबाइलवर रस्ता सांगणाऱ्या बाईशी त्यांचं वागणं अत्यंत अदबीचं, पण तिचं एकही वाक्य ते मानत नाहीत. “व्हय बाई, उजवीकडं म्हंतासा ते बराबर हाय, पर तितं म्हशी असत्यात ह्या टायमाला. तुमी नव्या हाईसा हितं.” असं म्हणून ते डावीकडे वळतात आणि ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडत बसते. वाटेत कोणी उभं दिसलं की काच खाली. “काय पावणं, कुटं?” मग पावणं मागे, माझ्या शेजारी. चंदगडहून येताना एकदा मी आख्खा घाट मांडीवर काजूचं पोतं घेऊन उतरलो आहे. पोतंवाल्या आजींनी चाचांना विचारलं, “ह्ये कोन वो, तुमच्या संगट?” चाचा म्हणाले, “ह्ये व्हय? ह्ये आमचं सर. बोलत्यात चांगलं.”

बोलत्यात चांगलं, हे त्यांचं प्रमाणपत्र सहज मिळालेलं नव्हतं. माझ्या प्रत्येक व्याख्यानाला चाचा शेवटच्या रांगेत बसतात आणि परतीच्या वाटेवर निकाल लावतात. “आज गाडी सेकंड गिअरलाच ऱ्हायली सर.” किंवा, “शेवटाला उगंच हार्न लई वाजिवला.” एकदा फक्त “पिकप हुता” एवढं म्हणाले, तर मी घरी जाऊन बायकोकडे गोड शिरा मागितला.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून, बसायच्या जागेवरून. समतेवर व्याख्यान द्यायला निघालेल्या माणसाने मागे बसावं हे माझ्या मनाला पटेना. सुरुवातीचे काही दिवस मी पुढे बसलोही; नंतर मात्र मी पुढचं दार उघडायचो, चाचा ते आतून ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, “मागं बसा.” मी म्हणायचो, “चाचा, तुम्ही आणि मी सारखे.” ते म्हणायचे, “व्हय, सारखं. मागं बसा.” असं कितीदा झालं. यातून मी स्वतःशी एक सिद्धांत काढला. पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करून माणसाच्या मनात ताबेदारी इतकी मुरते, की मालकाने हात पुढे केला तरी त्याला तो धरवत नाही. सिद्धांत सुंदर होता. रात्री अंथरुणावर पडून मी त्याची वाक्यं घोळवली होती. फक्त चाचांना ‘का हो?’ असं विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. सिद्धांत हाताशी असला की विचारायचं सुचत नाही, हा माझ्या धंद्यातला जुना रोग आहे.

जयसिंगपूरला एका वाचनालयात रविवारी सकाळी व्याख्यान होतं. सभागृह भरलेलं, पंखे चालू, माइक चांगला. मला पहिल्यापासून पिकप मिळाला. कादंबऱ्यांतला सेवक झाला, नाटकातली फुलदाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि मग माझी जीभ मला घेऊन सुटली. मी म्हणालो, “मित्रहो, पुस्तकं कशाला? ज्याच्या हाडीमाशी गुलामी मुरली आहे असा एक साधाभोळा माणूस याच सभागृहात शेवटच्या रांगेत बसला आहे. मी त्याला माझ्या शेजारी बसवू पाहतो; तो मला मालक केल्याशिवाय राहत नाही!” सगळ्या माना मागे वळल्या. संयोजक हौशी होते. ते म्हणाले, “चाचा, जरा उभे ऱ्हावा की, लोकांना दिसू दे.” चाचा उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सांगायला लाज वाटते, पण मीही वाजवल्या.

सभा संपून बाहेर आलो तर चाचा मागचं दार उघडून उभे होते. आजवर मी माझं दार स्वतः उघडत आलो होतो. “बसावं साहेब,” ते म्हणाले. मी चपापलो. चाचांच्या तोंडी मी कायम ‘सर’, आणि चिडले की ‘अवो’. ‘साहेब’ हा शब्द त्यांनी टँकरच्या काळात तपासनिसांसाठी राखून ठेवलेला होता. मी निकालाची वाट पाहिली. हातकणंगले गेलं, शिरोली गेली. शेवटी न राहवून विचारलं, “कसं झालं आज?” ते म्हणाले, “साहेबांचं झ्याकच असतंय.”

त्या दिवसापासून चाचा आदर्श नोकर झाले, आणि माझे हाल सुरू झाले. गाडी रोज पुसलेली. काच कोणासाठी खाली होईना. मोबाइलवरच्या बाईशी बोलणं बंद. ती सांगेल तिकडे वळायचं, म्हशी असोत नसोत. माझ्या प्रत्येक वाक्याला “जी साहेब.” मालक नोकरावर किती अवलंबून असतो हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो होतो, आता मला चहा कुठे प्यायचा, कुठल्या लग्नाला जायचं टाळायचं, कोणता शर्ट व्याख्यानाला शोभतो, काहीच ठरवता येईना. मी गाडीतच माफी मागून पाहिली. दुर्दैवाने ती माफी कळंबा नाक्यापासून विद्यापीठापर्यंत चालली आणि तिच्यात ‘नैतिक जबाबदारीचे दोन पैलू’ असे शब्द आले. चाचा म्हणाले, “जी साहेब.” घरी बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “माफी मागा. व्याख्यान देऊ नका.”

वारणानगरच्या कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायला निघालो होतो त्या दिवशी मी मागे बसून टिपणं चाळत होतो. चाचांनी विचारलं, “कुठं घ्यायची साहेब?” मी मान वर न करता म्हणालो, “सरळ.” बऱ्याच वेळाने गाडी थांबली म्हणून बाहेर पाहिलं. पुढे उसाची ट्रॉली, मागे उसाची ट्रॉली, डाव्या हाताला बैलगाड्या. साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत आमची छोटी पांढरी गाडी आपला नंबर येण्याची वाट पाहत उभी होती. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, “काय सायेब, डिकीत किती टन?”

“चाचा, हे काय?”

“तुमी सरळ म्हणालासा.”

मी टिपणं फेकून दिली. “चाचा, पाया पडतो, पण असं करू नका. मी पुढे बसलो तर तुम्हाला कमीपणा का वाटतो, एवढं तरी सांगा.”

चाचांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “कमीपना? अवो, तुमी पुढं बसला की पायानं बिरेक मारतासा! एसटी आली की ‘आई गं’. कुत्रं दिसलं की माजं मनगट धरतासा. एकदा तर हँडब्रेक वडलासा. मानसानं गाडी चालवायची कशी? म्हनून मागं.”

उसाच्या रांगेत मला माझा सिद्धांत कोसळताना ऐकू आला. मी हसायला लागलो. चाचा हसले नाहीत.

“मला तुमी काय बी म्हना. त्याचं न्हाई काय. पर त्या दिशी व्याही हुतं माज्या शेजारी.” मला काही कळेना. मग ते सांगू लागले. त्यांची मुलगी जयसिंगपुरात दिलेली. लग्नात व्याह्यांना सांगितलेलं, ‘मी प्रोफेसरांच्या संगट असतो, माज्याशिवाय त्यांचं पान हालत न्हाई.’ व्याह्यांना भाषणाला तेच घेऊन आले होते, कौतुकाने, हाताला धरून. “आता पोरीला नणंद इचारती, ‘वैनी, तुमच्या अब्बास्नी टाळ्या कशाबद्दल पडल्या?’ काय सांगंल ती? पोरगी फोनवर बोलंना झालीया. व्हय-न्हाई म्हंती आन ठेवती.”

मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला. आमची गाडी एक ट्रॉलीभर पुढे सरकली. मी म्हणालो, “चाचा, या रविवारी जयसिंगपूर.”

“कशाला?” ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी ‘जी साहेब’ न म्हणता मला उलट प्रश्न केला होता.

व्याह्यांचं घर एका बोळात, तीन पायऱ्या चढून. आत सतरंजी घातलेली. व्याही म्हणजे पांढऱ्या दाढीचे, ताठ बसणारे गृहस्थ. त्यांच्या बाजूला मुलीची नणंद, दाराच्या चौकटीला टेकून चाचांची मुलगी, पदर डोक्यावर, नजर पायाच्या बोटांवर. तिने सगळ्यांना सरबत दिलं आणि वडिलांचा पेला त्यांच्याकडे न बघता समोर ठेवला. मी बायकोचा सल्ला आठवून पाठ केलेलं सगळं बाजूला सारलं आणि हळू आवाजात म्हणालो, “मी चाचांबद्दल सभेत जे बोललो ते खोटं होतं. त्यांना न विचारता बोललो. माझं चुकलं.”

व्याह्यांनी कानामागे तळवा धरला. “काय म्हंत्यात?” आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे त्यांना आता जवळचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सभेत मात्र माझं एकेक अक्षर ऐकू गेलं होतं; तिथे माइक होता.

चाचा झटकन पुढे वाकले आणि व्याह्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, “काय न्हाई व्याही, सरबत झ्याक झालंय म्हंत्यात!”

व्याही खुशीत हसले. नणंद हसली. चाचांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. झालं, पुरे, असं. खरं सांगतो, एक क्षण मलाही तेच बरं वाटलं. मी पेला उचलून मान डोलावलीसुद्धा. मग चौकटीपाशी उभ्या असलेल्या मुलीने पहिल्यांदा नजर वर केली. ती माझ्याकडे नाही, बापाकडे बघत होती. माझी लाज झाकायला त्यांनी घाईने जे केलं होतं ते तिला कळलं होतं, आणि तिचे डोळे भरून आले होते.

मी पेला खाली ठेवला, उभा राहिलो, आणि वर्गातसुद्धा कधी लावला नव्हता एवढा आवाज लावून, बोळातल्या लोकांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढावीत असा ओरडलो, “व्याही, माझं चुकलं! चाचा कुणाचे गुलाम नाहीत! मला काही कळत नव्हतं! माझं चुकलं!”