अक्काच्या पायाला चटका लागत नव्हता

शेवटची भेट दवाखान्यातली. अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, पायाला बँडेज होतं, अंगात ताप होता, आणि तरी ती आमच्या भावाला झापत होती. "दादा, तुजं रगत तपास आदी. माज्याकडं काय बगतोस?" दादाचं पोट सुटलेलं, दिवसभर खुर्चीतलं काम, घडीघडीला चहा. तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय? दोन भाकरी खातोय." "मी तीन खात हुते," अक्का म्हणाली... दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

नगरला केडगावात तिची पिठाची गिरणी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती एकटीच चालवायची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, ती अक्कामुळं. पोरीला कॉलेजात कशाला घालायचं, असं वडील म्हणाले तेव्हा तिनं पिठाचं घमेलं खाली आपटलं. "ती माज्याकडं ऱ्हाईल. तुमी बोलू नका." विषय संपला.

गेलं वर्षभर ती तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. आम्ही म्हणायचो, गिरणीतली धूळ. बारीक झाली, तर दळणाला आलेल्या बाया विचारायच्या, "अक्का, काय खाती गं? आमालाबी सांग की." ती खूश! नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचा तिचा नेम. यंदा भर दुपारी देवीहून येताना बाकीच्या बाया सावली बघून उड्या मारत होत्या आणि अक्का तापलेल्या डांबरावरून सावकाश चालत होती. म्हणाली, "मला चटका लागतच न्हाई." देवी पावली म्हणून बाया भर रस्त्यात तिच्या पाया पडल्या. तळव्यात काच घुसली होती, तीही तिला कळली नाही. दसऱ्यानंतर पाय काळा पडला, तेव्हा दवाखाना. साखर तिथं पहिल्यांदा कळली. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं आहे, पाय त्यानंच बधिर केलेत.

दहाव्याला एक पुढारी माइकवर म्हणाले, "देवीनं आपल्या भक्ताला चरणाशी बोलावून घेतलं." बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी उठून माइक मागितला. आमच्यात दहाव्याला बाया बोलत नाहीत. मी बोलले. "देवीला मधे घालू नका. अक्काला साखरेनं नेलं, आणि आपण त्या दुखण्याच्या पाया पडलो. आमच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं, तेव्हा कुणी तपासलं नाही. आता तपासा. दादा, तू पहिला."

मागून चुलती पुटपुटली, "शिकली म्हणून लई शहानी झाली." झालेच आहे. अक्कानं त्याचसाठी शिकवलं.

दादा बरेच दिवस टाळाटाळ करत राहिला. मग एका सकाळी गाडी दारात लावून म्हणाला, "चल, तपासू एकदाचं. तुझं तोंड तरी बंद होईल." साखर निघाली, चांगली वाढलेली. तो माझ्यावरच चिडला. चिडू दे... चिडायला तो आहे.

कामावरून सुटला की आता तोच गिरणी उघडतो. पट्ट्याच्या घरघरीवर मात करायला अक्का कायम ओरडूनच बोलायची, खाजगीतलंसुद्धा. परवा मी कोपऱ्यावरून वळले आणि तोच सूर कानावर आला. दादा दळणाला आलेल्या एका बाईवर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडत होता, "वैनी, तिसऱ्यांदा पानी मागताय! रगत तपासलं का?"