पुढच्या रांगेचं कॉर्नेट

लग्न दुसऱ्याचं, घाम आमचा आणि किस्से फुकट. एकोणीसशे चाळीस-बेचाळीसच्या सुमाराला नगरच्या एका बँडात मी ढोल बडवायचो, तेव्हा असे किस्से पोत्यानं जमले. निम्मे एकट्या सखारामचे. तिशीचा, दोन पोरांचा बाप, टांग्याचा चालता धंदा सोडून कॉर्नेट, म्हणजे बँडातलं ते आखूड पितळी वाद्य, शिकायला आला. अक्कल असती तर ढोल मागितला असता.

*

पहिल्या दिवशी त्यानं गाल फुगवून फुंकलं. नुसती हवा. आमच्या योहान मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हवा झकास हाय. आता हळूहळू सूर आन."

हळूहळू म्हणजे पाच महिने.

*

बायकोनं घरातला सराव बंद पाडला, तसा हा पहाटे सीना नदीच्या पात्रात जाऊन फुंकू लागला. आठवड्यात एक गवळी मास्तरांकडे आला.

"ह्याच्या फुंकण्यानं म्हशी दूध चोरत्यात. ह्याला लवकर शिकवा, न्हाईतर म्हशी तुमी घ्या."

मास्तरांनी सखारामला जागा बदलायला सांगितली. सराव थांबव असं मात्र सांगितलं नाही.

*

वर्षभरात एकच चाल पक्की झाली, मुलगी सासरी निघताना वाजवायची. नेवाशाच्या एका लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात आला, मास्तर पाणी प्यायला वळले आणि आमच्या कलावंतानं तीच चाल सोडली. लग्न लागायच्या आधीच नवरीची आई हुंदके देऊ लागली. नवरदेवाचा बाप आमच्यावर धावून आला.

परतताना मास्तर म्हणाले, "चाल चुकली. पर बाई खरंच रडली. म्हंजी सूर लागला तुझा."

*

त्यानंतर दरवर्षी सखाराम विचारायचा, "मास्तर, औंदा पुढच्या रांगेत उभा राहू?"

"अजून कच्चा हायेस."

मास्तरांच्या मते नगर जिल्ह्यात पक्कं कॉर्नेट एकच होतं आणि ते त्यांच्या हातात होतं. सखाराम मान हलवून मागे जायचा. मला त्याच्या ह्या गरीबपणाचा राग यायचा आणि त्याचं वाईटही वाटायचं.

*

मास्तरांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न. त्याच महिन्यात त्यांचे पुढचे दोन दात पडलेले, आणि दातांच्या आधाराशिवाय कॉर्नेटवर ओठ धरत नाहीत. तरी चर्चच्या दारात वाजवायला पुढे तेच. पहिल्या फुंकीला आवाज फाटला. दुसऱ्या फुंकीला तोही नाही. व्याही बघत होते, मुलगी बघत होती.

तेवढ्यात मागून सखारामनं चाल उचलली. स्वच्छ, भरदार. मास्तरांनी कॉर्नेट खाली घेतलं नाही. गाल फुगवून ते बटणांवर बोटं नाचवत राहिले.

"काय दम हाय मास्तर, ह्या वयात!" व्याह्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. मास्तरांनी तो घालून घेतला.

मग ते मागच्या रांगेत आले. सखाराम खाली मान घालून कॉर्नेट पुसत होता.

"दुसऱ्या कडव्याला घाई केलीस," मास्तर म्हणाले. "उद्याच्या वरातीत करू नको. पुढं उभं राहिल्यावर समदे ऐकत्यात."