बद्रीनानांचं वाढीव वय

हसनाबादच्या बद्रीनाथ मुरकुट्यांना गावात सगळे बद्रीनाना म्हणतात. जमीन बऱ्यापैकी, निम्मी विहिरीखाली. दोन्ही मुलं शहरात नोकरीला, घरी ते आणि नंदाबाई. तरुणपणी नाना गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. त्यांच्या हात राखून खर्च करण्याच्या गोष्टी लोक अजून सांगतात. वार्षिक सभेला सभासदांना चहासोबत भजी द्यायची की नाही, यावर त्यांनी एकदा अख्ख्या संचालक मंडळाशी भांडण केलं आणि भजी रद्द करवली. लोक चिडले. पण नानांच्या काळात सोसायटी कधी तोट्यात गेली नाही, हेही लोकच सांगतात.

चेअरमनकी सुटली तरी हिशोबी डोकं सुटलं नाही. मार्चमध्ये राज्याचं बजेट आलं की नाना स्टँडसमोरच्या हॉटेलात पेपर पसरून बसायचे. कोणीतरी विचारायचंच, "नाना, ही महसुली तूट म्हणजे काय हो?"

"तुह्या घरात महिन्याला शंभर येतेत अन् तू एकशेवीस उडवतू," नाना सांगायचे. "वरचे वीस कुठून आणशील? उसने. मंग पुढच्या महिन्यात त्या विसाचं व्याज बी तुह्या शंभरातूनच जाणार. सरकारचं तसंच चालून राह्यलं. अन् वरून हे फुकट, ते फुकट. फुकट म्हंजे कोणाच्या खिशातून? तुमच्या-आमच्याच ना?"

लोक माना डोलवायचे. सांगण्यात चूक काहीच नव्हती. फक्त हे सांगणाऱ्या माणसाच्या खिशात एक खोटं आधार कार्ड होतं.

ते झालं असं. पासष्टी ओलांडली तसं नानांना एस.टी.चं अर्धं तिकीट लागू झालं. आठवड्यातून एक-दोनदा ते जालन्याला जायचे. मोंढ्यात भाव बघायचा, जुन्या जालन्यात ओळखीच्या अडत्याच्या गादीवर बसायचं, दुपारच्या गाडीनं परत यायचं. एकदा सातबारा काढायला ते भोकरदनला एका कॉम्प्युटरवाल्याकडं गेले होते. बोलता बोलता तो म्हणाला, "नाना, अजून हाफ तिकीट काढता? पंचाहत्तरच्या वर फुल फुकट हाय."

"मला कुठं पंचाहत्तर झाले?"

"एका आकड्याचं तर काम हाय. अठ्ठावन्नचं अठ्ठेचाळीस करायचं. लई लोकांनी केलंय."

नाना हसले, "छ्या, काहीतरीच" म्हणाले आणि उठले नाहीत. सातबारा छापून होईपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "दाखव बरं कसं करतू."

येताना गाडीत त्यांनी स्वतःला समजावलं. गाडी तशीही जाणारच. आपण बसलो काय, न बसलो काय, डिझेल तेवढंच जळतं. आपल्या अर्ध्या तिकिटानं सरकार बुडत नाही. सोसायटीत एखाद्या सभासदानं असं बोललेलं त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

अडचण एकच होती. हसनाबाद-जालना गाडीवर कंडक्टर म्हणून बऱ्याचदा साधना असायची, आणि साधना नानांच्या थोरल्या भावाची, सोमेश्वरभाऊंची मुलगी. नानांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा तिनं नानांच्या हातावर ठेवला होता.

नव्या कार्डानं पहिल्यांदा गाडीत बसले तेव्हा तिनं कार्ड हातात घेतलं आणि थांबली.

"काका, वर्ष चुकलंय वाटतं ह्याच्यावर."

"सरकारचं कार्ड चुकत असतंय का?" नाना म्हणाले. सभेत उलटा प्रश्न विचारणाऱ्याला ते गप्प करायचे, तोच आवाज लावला त्यांनी. "तू तुहं काम कर."

साधनानं मशीनचं बटण दाबलं आणि शून्य रुपयांचं तिकीट त्यांच्या हातात दिलं. त्यानंतर तिनं कधी कार्ड मागितलं नाही. नाना दिसले की ती न बोलता तिकीट काढायची आणि त्यांच्याकडं न बघता पुढं करायची. पोरगी मोठ्यांचा मान ठेवते, असं नानांनी धरून घेतलं.

असंच बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी नाना भावाच्या ओसरीवर बसले होते. साधना ड्युटीवरून आली, हातपाय धुऊन बापाजवळ बसली आणि म्हणाली, "आबा, पगार निम्माच झालाय."

"निम्मा? काहून?"

"लोकांना तिकिटात सवलत देतो ना आम्ही, त्याचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं. ते पुरते आले न्हाईत. तिजोरीतच न्हाईत म्हणतेत."

सोमेश्वरभाऊंना हे समजेना. "कसली सवलत?"

"बायांना हाफ, तुमच्यासारख्यांना हाफ. पंचाहत्तरच्या वरच्यांना फुकट."

एवढ्यात नाना सवयीनं सुरू झाले होते. "येणारच न्हाईत पैसे! यंदाची तूट बघितली का? खर्च्याला शिस्त म्हणून न्हाई. आधी वाटून मोकळं व्हायचं अन् मंग…"

बोलता बोलता त्यांचं लक्ष साधनाकडं गेलं. ती त्यांच्याकडंच बघत होती. रागानं नाही. बोलणाऱ्याचं बोलणं कधी संपतं याची वाट बघतात तशी.

"बराबर हाय काका," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

 वहिनींनी चहा आणला तो तसाच ठेवून नाना उठले. घरी आल्यावर नंदाबाईंनी विचारलं, "तोंड काहून उतरलं?" तर म्हणाले, "ऊन लागलं." ऊन कधीच उतरलं होतं.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता कार्ड बंद. आठवडाभर जालन्याला गेलेच नाहीत. मग गेले, गाडीत बसले, अर्ध्या तिकिटाचे पैसे मुठीत धरून ठेवले. साधना जवळ आली आणि त्यांच्या मनात आलं, आज पैसे दिले म्हणजे एवढे दिवस खोटं होतं हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं होणार. तेही पुतणीसमोर. मूठ उघडलीच नाही. साधनानं नेहमीसारखं शून्याचं तिकीट पुढं केलं. पुढच्या वेळीही तेच झालं. खोटं सोडायची लाज वाटत होती म्हणून खोटं चालू राहिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर सोमेश्वरभाऊंच्या डोळ्याला मोतीबिंदू निघाला. जालन्याला दाखवायला न्यायचं होतं. नाना म्हणाले, जीप करू. भाऊ म्हणाले, "जीप कशाला? लेकीची गाडी असताना?" आपली मुलगी गाडीची घंटी मारते, हे बघायला त्यांना फार आवडायचं. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले. साधनानं बापाचं अर्धं तिकीट फाडलं, पैसे घेतले. नानांचं तिकीट त्यांच्या हातात दुमडून दिलं. भाऊंना अंधुक दिसत होतं. त्यांना काही कळलं नाही.

राजूरच्या अलीकडं गाडी थांबली आणि दोन चेकर चढले.

 नानांना आजवर कधी चेकर भेटलाच नव्हता असं नाही, पण भाऊ कधी शेजारी नव्हता. तरुण चेकरनं नानांचं तिकीट बघितलं, कार्ड मागितलं, वाचलं.

"अठ्ठेचाळीसचा जन्म? तब्येत चांगली ठेवली, बाबा."

तो कार्ड परत देणारच होता. दुसऱ्या हातानं त्यानं भाऊंचं तिकीट आणि कार्ड घेतलं, आणि दोन्ही कार्डं जवळ धरली. आडनाव तेच, बापाचं नाव तेच.

"तुम्ही दोघं भाऊ का?"

सोमेश्वरभाऊ कौतुकानं म्हणाले, "हो तर. हा माहा धाकटा."

"धाकटा?"

"तीन वर्सांनी धाकटा. माह्या कडेवर वाढला."

मागच्या बाकावरच्या दोघी-तिघी आधी हसल्या. मग हसू गाडीभर पसरलं. "मंग ह्यानं धाकटेपणी मोठेपण घेतलं म्हणायचं!" कोणीतरी म्हणालं. भाऊ काय झालं म्हणून इकडंतिकडं बघू लागले.

चेकर हसला नाही. तो साधनाकडं वळला. "मॅडम, झिरो तिकीट तुम्हीच काढलं ना? कार्ड बघितलं होतं?"

साधनानं तोंड उघडलं. ती काय बोलणार होती हे कोणालाच कधी कळलं नाही. कारण तिच्या आधी नाना बोलले.

"कंडक्टरनं मला कधी कार्ड मागितलंच न्हाई," ते म्हणाले. "मागितलं असतं तर…"

 चेकरनं साधनाच्या छातीवरची पट्टी वाचली. मुरकुटे. मग पुन्हा भाऊंचं कार्ड बघितलं.

"हे तुमचे वडील?"

"हो."

"अन् हे?"

"काका," साधना म्हणाली.

गाडीतलं हसू थांबलं. लोक हसत राहिले असते तर नानांना एक वेळ बरं वाटलं असतं. आता सगळे गप्प होते आणि कोणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. जी बाई आत्ता हसली होती ती खिडकीबाहेर बघू लागली. चेकरनं दंड सांगितला, नानांनी भरला. कार्ड त्यानं ठेवून घेतलं. साधनाच्या नावानं रिपोर्ट होईल, असं तिला हळू आवाजात सांगून दोघं उतरले. साधनानं घंटी मारली. जालना येईपर्यंत ती पुढच्या दाराजवळ उभी राहिली.

डोळ्याच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. भाऊ बाकावर बसून होते. नानांनी दोनदा पाणी आणून दिलं, एकदा केळी आणली. भाऊंनी केळी शेजारी ठेवून दिली. मग ते म्हणाले, "कार्डाचं मला काय बी न्हाई बद्री. लोकं करतेत. पण तू तिला कंडक्टर म्हनलास."

 फरशीवर कोणाच्या तरी औषधाचा थेंब सांडलेला होता, नाना त्याकडं बघत राहिले. "चुकलं" हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण सोसायटीच्या सभेत, भाऊबंदकीत, घरात, तो शब्द वापरायची सवयच नव्हती त्यांना. तेवढ्यात भाऊंच्या नावाचा पुकारा झाला.

दोन दिवसांनी नाना एकटेच जालन्याच्या आगारात गेले. पूर्ण तिकीट काढून गेले. गाडीवरच्या दुसऱ्या कंडक्टरनं "हाफ लागतं ना, नाना?" म्हटलं, तरी पूर्णच काढलं. आगारप्रमुखांच्या दाराशी तासभर उभे राहिले. आत गेल्यावर उभ्यानंच म्हणाले, "साहेब, त्या दिवशीच्या गाडीत खोटं कार्ड माहं होतं. पोरीचा काही दोष न्हाई. ती कार्ड मागत न्हाई म्हणालो, ते बी खोटं. तिनं मागितलं होतं."

साहेबांनी बसायला सांगितलं. शांत माणूस होता. "म्हणजे कार्ड बघून तिकीट दिलं. ठीक. पण त्या तुमच्या पुतणी आहेत. तुमचं खरं वय त्यांना माहीत होतं का?"

नानांना हे आधी सुचलंच नव्हतं. खरं सांगावं, तर साधनानं जाणूनबुजून खोटं तिकीट दिलं असं ठरणार. घरून निघताना त्यांनी नंदाबाईंना सांगितलं होतं, आज सगळं खरं सांगून मोकळा होतो. ते खुर्चीच्या काठावर बसून होते. बाहेर गाड्यांची नावं लाऊडस्पीकरवर पुकारली जात होती.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "आम्ही येगळे राहतो. पोरीला काकाचं वय कशाला माहीत असंल?"

साहेबांनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं, मग मान हलवली. तेही समजायचं ते समजले असावेत.

साधनाला लेखी ताकीद मिळाली, त्यापुढं काही झालं नाही. हे कळलं तेव्हा नानांना वाटलं, निदान एवढं तरी निस्तरलं. नंदाबाईंच्या सांगण्यावरून ते भावाच्या घरी गेले. साधना ड्युटीवर जायला निघाली होती, खाकी ड्रेस घालून केस बांधत होती. भाऊंच्या डोळ्यावर ऑपरेशननंतरची हिरवी पट्टी होती. वहिनी चुलीपाशी होत्या.

"चुकलं माहं, बाई," नाना उंबऱ्याजवळूनच म्हणाले. शेवटी शब्द निघाला एकदाचा.

साधनानं केसांना पिन लावली. "साहेबांनी मला बी तेच विचारलं काका. काकाचं वय माहीत होतं का म्हणून. तुम्ही न्हाई म्हणून आल्ता. मंग मी काय म्हणणार?"

नाना उंबरा ओलांडून आत आले.

"दरसाली तुमच्या वाढदिवसाला मीच तुम्हाला ओवाळते. अन् मी सही करून दिलं, वय माहीत न्हाई म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "निम्मा पगार आला, त्याचं मला काही वाटलं न्हाई. सरकार हाय, आज न्हाई तर उद्या देईल. पण मी रोज दीडशे लोकांना कार्ड दाखवा म्हणते. त्यांच्यापुढं आता कोणत्या तोंडानं म्हणू?"

वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे साधना." तिनं जाऊ दिलं. आपण हसनाबादची गाडी सोडली, अंबडच्या बाजूची, अंकुशनगरची मागून घेतली, एवढंच तिनं सांगितलं. पहाटे लवकर निघावं लागतं, पण तिकडं ओळखीचं कोणी चढत नाही.

वहिनींनी चहाचा कप नानांच्या पुढं ठेवला. ते भिंतीला टेकून खाली बसले. साधनानं तिकिटांची पेटी खांद्याला लावली, बापाच्या डोळ्याची पट्टी नीट केली आणि दारात जाऊन चपला घातल्या.

"येते," ती म्हणाली.

घरातल्या सगळ्यांना म्हणाली की फक्त आईबापांना, ते नानांना कळलं नाही. तरी ते "ये बाई" म्हणाले. तोवर ती अंगण ओलांडून रस्त्याला लागली होती.